जर्मन पिस्तुले, जुनी : ओळख व संग्रह

जर्मनीत १८९६ ते १९४५ या सुमारे अर्धशतकात तयार झालेली स्वयंभरणी पिस्तुले. गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या प्रतिक्षेपाचा उपयोग करून रिकामी पुंगळी बाहेर फेकणे व नवे काडतूस नळीत सरकविणे ही क्रिया या शस्त्रांत आपोआप घडते; प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. माउझर सी ९६, लूगर पी ०८, वाल्टर पीपी व पीपीके आणि वाल्टर पी ३८ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार होत. यंत्ररचनेच्या इतिहासात या पिस्तुलांना मानाचे स्थान आहे. भारतात मात्र त्यांचे महत्त्व मुख्यतः क्रांतिकारक चळवळीमुळे वाढले. अमुक पिस्तूल अमुक घटनेत वापरले गेले, असे सांगणाऱ्या कथा महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये पुष्कळ आढळतात; त्या मानाने त्यांना आधार देणारी कागदपत्रे थोडी आहेत. त्यामुळे शस्त्राच्या धातूवर कोरलेला क्रमांक आणि त्याच काळातील लेखी नोंद यांचा मेळ बसणे, हीच ओळखीची खरी कसोटी ठरते. या कसोटीवर न उतरलेले पिस्तूल जुने असू शकते. ऐतिहासिक आहे असे म्हणता येत नाही.

प्रमुख प्रकार : माउझर सी ९६ या पिस्तुलाची रचना नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्यातील फेडरले बंधूंनी केली. १८९५ मध्ये त्याचे एकस्व घेण्यात आले व १८९६ ते १९३७ या काळात सुमारे दहा लाख पिस्तुले तयार झाली. काडतुसांची पेटी चापाच्या पुढे, पिस्तुलाच्या सांगाड्यातच बसविलेली असून तीत पट्टीच्या साहाय्याने वरून १० काडतुसे भरता येतात. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल असते. पिस्तूल ठेवण्याचे लाकडी म्यान मुठीला मागून जोडले की त्याचाच दस्ता होतो आणि शस्त्र खांद्याला लावून झाडता येते. मूळ काडतूस ७·६३ मिमी. व्यासाचे होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन सैन्याने ९ मिमी. व्यासाच्या दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदविली. काडतुसांची गफलत होऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर ९ हा मोठा आकडा कोरून तो बहुधा लाल रंगाने भरीत.

लूगर पिस्तुलाचा उगम ह्यूगो बोर्खार्ट याच्या १८९३ च्या पिस्तुलात आहे. गेओर्ख लूगर याने त्या अवजड रचनेत सुधारणा केली. माणसाच्या गुडघ्याप्रमाणे वर दुमडणारा सांधा हे या पिस्तुलाचे वैशिष्ट्य होय. स्वित्झर्लंडने ते १९०० मध्ये, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये स्वीकारले. या अखेरच्या वर्षावरून त्याला पी ०८ हे नाव मिळाले. भूसेनेच्या पिस्तुलाची नळी १०० मिमी., नौदलाची १५० मिमी. व तोफखान्याची २०० मिमी. लांबीची असे. मुठीतील पेटीत ८ काडतुसे मावतात.

कार्ल वाल्टर कंपनीने थुरिंजियातील झेला-मेलिस येथे १९२९ मध्ये पीपी आणि १९३१ मध्ये पीपीके ही आटोपशीर पिस्तुले बाजारात आणली. खर्चिक लूगरची जागा घेण्यासाठी तयार झालेले पी ३८ हे पिस्तूल १९३८ मध्ये सैन्याने स्वीकारले. नळीत काडतूस असताना घोडा खाली ठेवून पिस्तूल बाळगता येणे व केवळ चाप ओढून पहिली गोळी झाडता येणे, ही सोय त्यात होती.

मुंबई व भारतातील आगमन : माउझर पिस्तूल आणि मुंबई यांचा एक दूरचा संबंध विन्स्टन चर्चिल यांच्या आत्मचरित्रात आढळतो. १८९६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून भारतात येताना मुंबईच्या ससून गोदीत होडीतून धक्क्यावर चढत असता त्यांचा उजवा खांदा निखळला. ही इजा त्यांना जन्मभर बाधली. २ सप्टेंबर १८९८ रोजी सूदानमधील ऑमदुर्मनच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्याच्या वेळी त्यांनी या खांद्यामुळे तलवारीऐवजी लंडनमध्ये विकत घेतलेले नवे माउझर पिस्तूल वापरले. ब्रिटिश अधिकारी हे पिस्तूल स्वतःच्या पैशाने खरेदी करीत आणि त्यांच्या सामानाबरोबर ते वसाहतींत पोहोचत असे, हे या प्रसंगावरून दिसते.

हिंदी प्रजेची स्थिती याच्या नेमकी उलट होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी होती व परवाना मिळणे सामान्य माणसाला दुरापास्त होते. परिणामी पिस्तूल देशात येण्याचे दोन मार्ग उरले : परवानाधारक व्यापाऱ्यांची अधिकृत आयात आणि चोरटी आयात. दोन्ही महायुद्धांत परदेशी जाणाऱ्या हिंदी सैन्याचे मुंबई हे एक प्रमुख बंदर होते. मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, उत्तर आफ्रिका आणि इटली येथील रणांगणांवर महाराष्ट्रातील पलटणींची शत्रूकडील शस्त्रांशी गाठ पडली. इटलीतील मोहिमेत जर्मन सैन्याशी लढताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. अशा रणांगणांवरून विजयचिन्ह म्हणून पिस्तुले मायदेशी आणण्याची प्रथा सर्वच देशांच्या सैन्यांत होती. 'आजोबांनी लढाईतून आणलेले जर्मन पिस्तूल' या घरगुती कथेचे मूळ या प्रथेत आहे. तथापि प्रत्येक कथेमागे पिस्तूल जर्मन असतेच असे नाही.

नाशिक खटला व ब्राउनिंग पिस्तुले : महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पिस्तुले जर्मन नव्हती. १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मुंबईस आणली, ती वि. दा. सावरकर यांनी पाठविली होती. ब्राउनिंग हा अमेरिकन रचनाकार. त्याची पिस्तुले बेल्जियममधील एर्स्ताल येथे तयार होत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात विशेष न्यायाधिकरणापुढे सावरकरांवर खटले चालले. २३ डिसेंबर १९१० रोजी त्यांना पहिली जन्मठेप झाली. ३० जानेवारी १९११ ची दुसरी जन्मठेप जॅक्सनच्या वधास साहाय्य केल्याबद्दल होती व तिचा पाया, वधासाठी वापरलेले पिस्तूल त्या २० पिस्तुलांपैकीच एक होते, या निष्कर्षात होता. एका पिस्तुलाच्या ओळखीवर एका माणसाचे आयुष्य अवलंबून असल्याचे हे ठळक उदाहरण होय. गोळीवरील ओरखडे तुलनासूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहण्याचे शास्त्र त्या वेळी अस्तित्वात आले नव्हते. ते १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. त्यामुळे लंडन ते नाशिक ही साखळी जुळविण्यात माफीचा साक्षीदार झालेल्या अमीनच्या जबानीला मोठे महत्त्व आले.

रॉडा कंपनीची माउझर पिस्तुले : याच्या उलट प्रकार पाच वर्षांनी कलकत्त्यात (आताचे कोलकाता) घडला. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांचा नोकर श्रीशचंद्र मित्र याने जकातघरातून २०२ खोकी सोडवून घेतली; त्यांपैकी १९२ कंपनीच्या वखारीत पोहोचली. उरलेल्या १० खोक्यांत ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे होती. ती क्रांतिकारकांच्या हाती गेली. ९ सप्टेंबर १९१५ रोजी ओरिसातील बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी व त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले, ते माउझर पिस्तुलांनीच.

रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात या पिस्तुलांचा सविस्तर हिशेब आहे. त्यानुसार ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच ९ गटांत वाटली गेली. ५४ दरोडे, खून वा तसे प्रयत्न यांत ती वापरली गेली आणि अहवाल लिहीपर्यंत ३१ पिस्तुले पोलिसांना परत मिळाली होती. इतका काटेकोर हिशेब शक्य झाला, याचे कारण अगदी साधे होते. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीकडे होती. नाशिक प्रकरणात माणूस बोलला, तर येथे धातू बोलला. ज्या क्रमांकाने सरकारला तपासाचा धागा दिला, तोच क्रमांक आज इतिहासाच्या अभ्यासकाला एखादे जुने माउझर रॉडाच्या खोक्यांतील आहे किंवा नाही हे ठरविण्याचे साधन देतो. शस्त्र शासनाचे असो वा बंडखोराचे, नोंद दोघांच्याही स्मृतीचे रक्षण करते.

ओळखीच्या खुणा : जुन्या जर्मन पिस्तुलाची ओळख पुढील क्रमाने पटविणे श्रेयस्कर होय.

(१) निर्मात्याचे नाव : माउझर सी ९६ वर नळीच्या मागील भागावर ओबर्नडॉर्फ येथील कारखान्याचे नाव असते. युद्धपूर्व लूगरच्या सांध्यावर डीडब्ल्यूएम ही गुंफलेली अक्षरे किंवा मुकुट व एरफुर्ट हे नाव आढळते. १९३४ नंतर पुनःशस्त्रीकरण लपविण्यासाठी कारखान्यांच्या नावांऐवजी सांकेतिक खुणा आल्या. माउझरने केलेल्या लूगरवर प्रथम एस/४२, नंतर ४२ व त्यानंतर बीवायएफ ही खूण येते. पी ३८ वरील एसी म्हणजे वाल्टर, बीवायएफ म्हणजे माउझर व सीवायक्यू म्हणजे श्प्रेवेर्क होय.

(२) वर्ष : लूगरवर नळीच्या मागील भागावर निर्मितीचे वर्ष असते. १९३४ साठी के व १९३५ साठी जी ही अक्षरे वापरली गेली. १९२० हा आकडा मूळ वर्षाशेजारी दिसल्यास ते महायुद्धातील पिस्तूल जर्मन प्रजासत्ताकाच्या सैन्याने किंवा पोलिसांनी पुन्हा वापरात घेतले, असा अर्थ होतो. सी ९६ वर वर्ष नसते. तेथे घोड्याचा आकार उपयोगी पडतो. अगदी आरंभीच्या पिस्तुलांत घोडा शंकूच्या आकाराचा, नंतर मोठ्या कड्याचा व त्यानंतर लहान कड्याचा आढळतो. घोड्यावरील एनएस ही अक्षरे सुधारित सुरक्षा खटक्याची व म्हणून उत्तरकालीन निर्मितीची निदर्शक होत.

(३) चाचणीचे ठसे : १८९१ च्या जर्मन कायद्यानुसार विक्रीपूर्वी प्रत्येक शस्त्राची नळी चाचणी घेऊन प्रमाणित करीत व तिच्यावर मुकुटाखाली बी, यू, जी अशी अक्षरे उमटवीत. मुकुटाखालील एन हे अक्षर धूरहीन दारूच्या चाचणीचे होय. १९३९ च्या कायद्याने मुकुटाची जागा गरुडाने घेतली. हा बदल एप्रिल १९४० पासून अंमलात आला; म्हणून गरुडाखालील एन असलेले पिस्तूल पहिल्या महायुद्धातील असल्याचे सांगितले जात असेल, तर ते विधान तपासून पाहावे.

(४) क्रमांक : लष्करी लूगरचे क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू होत व १०,००० नंतर अक्षराची जोड देऊन पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. त्यामुळे एकच आकडा अनेक पिस्तुलांवर आढळू शकतो. निर्माता, वर्ष, आकडा व अक्षर ही चारही अंगे मिळून ओळख पूर्ण होते. लहान भागांवर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. ते जुळत नसतील, तर पिस्तूल निरनिराळ्या शस्त्रांचे भाग एकत्र करून बनविले आहे किंवा त्याची दुरुस्ती झाली आहे, असे समजावे.

(५) इतर खुणा : सैन्याच्या तपासनिसाचा ठसा, मुठीच्या पुढील पट्टीवरील पलटणीची खूण, तसेच ब्रिटनमार्गे आलेल्या पिस्तुलांवरील इंग्रजी चाचणीचे ठसे यांवरून शस्त्राचा प्रवास समजतो. भारतातील पिस्तुलांच्या बाबतीत ही शेवटची खूण विशेष महत्त्वाची होय.

नकला व फेरफार : माउझर सी ९६ च्या नकला स्पेन व चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाल्या. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथील कारागीर हाताने नकला घडवीत. त्यांवरील उलटी वा चुकीची अक्षरे त्यांचे मूळ उघड करतात. भारतातील बेकायदा गावठी शस्त्रांवरही परदेशी निर्मितीचे ठसे मारलेले आढळतात. अस्सल पिस्तुलाचे नुकसान मात्र बऱ्याचदा मालकाच्या हौसेमुळे होते. गंज काढण्यासाठी घासणे, चकाकी आणणे, निकेलचा मुलामा देणे यांमुळे ठसे पुसट होतात, कडा गोलावतात आणि शस्त्राचा पुरावा म्हणून असलेला उपयोग कमी होतो. मूळ काळसर निळा रंग उडालेले, पण ठसे शाबूत असलेले पिस्तूल चकचकीत केलेल्या पिस्तुलापेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे समजले जाते.

मुद्दाम घासून काढलेला क्रमांकही काही वेळा परत वाचता येतो. ठसा मारताना वरच्या पृष्ठभागाखालील धातूही दाबला जातो व त्याच्या कणांची रचना बदलते. वरचा आकडा नाहीसा झाला, तरी ही आतली विकृती शिल्लक राहते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्लद्रव लावल्यास दाबलेला व न दाबलेला भाग यांवर भिन्न परिणाम होतो आणि आकडा काही काळ दिसू लागतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतून या पद्धतीचा उपयोग केला जातो. मुंबईतील अशी प्रयोगशाळा १९५८ मध्ये स्थापन झाली. हे काम तज्ञाचेच असून घरगुती प्रयोगाने उरलासुरला पुरावाही नष्ट होतो.

क्रमांकावरून पटलेली ओळख : या कसोटीचे सर्वांत बोलके उदाहरण अलीकडचे आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे पोलीस अधिकारी साँडर्स याचा वध झाला. त्यात पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू व भगतसिंग यांचा सहभाग होता. भगतसिंगांचे पिस्तूल अमेरिकन कोल्ट बनावटीचे होते. ते पंजाबमधून इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेत आले व तेथील संग्रहालयात इतर शस्त्रांमध्ये नावाशिवाय पडून होते. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग दिला होता. २०१६ मध्ये रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला. तो जुन्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला आणि पिस्तुलाची ओळख निश्चित झाली. पुढे ते पंजाबमधील हुसैनीवाला येथे प्रदर्शनात ठेवण्यात आले. तो आकडा कोणी घासून टाकला असता, तर हे पिस्तूल हजारो कोल्टांपैकी एक म्हणून कायमचे अज्ञात राहिले असते. गांधीहत्येतील इटालियन बेरेट्टा पिस्तूलही ६०६८२४ या क्रमांकानेच अभिलेखांत नोंदले गेले आहे. आदर असो वा निषेध, दोन्ही भावनांना वस्तुनिष्ठ आधार लागतो व तो अशा नोंदींतून मिळतो.

संग्रह व कायदा : भारतात पिस्तुलांचा संग्रह हा मुक्त छंद नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक असून मुंबईत तो देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली व वारसाने आलेली शस्त्रेही तीत धरली जातात. सैन्याच्या ९ मिमी. काडतुसावर चालणारी पिस्तुले प्रतिबंधित वर्गात मोडतात. म्हणजे पी ०८ व पी ३८ ही बहुतेक या वर्गातील ठरतात. कायमची निकामी झालेली, दुरुस्तीनेही झाडता न येणारी, कालबाह्य किंवा पुरातन मूल्याची शस्त्रे यांना कलम ४५ अन्वये सूट आहे. दुसऱ्या बाजूने, १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या अधिनियमात शंभर वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला पुराणवस्तू म्हटले आहे. पहिल्या महायुद्धातील पिस्तुलांनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. एकच वस्तू एका कायद्याच्या दृष्टीने जपण्याजोगा वारसा व दुसऱ्याच्या दृष्टीने प्रतिबंधित शस्त्र, असा पेच त्यामुळे निर्माण होतो.

या पेचातून सुटण्यासाठी काही कुटुंबे जुने पिस्तूल गुपचूप विहिरीत किंवा समुद्रात टाकतात अथवा क्रमांक घासून ते विकतात. पहिल्या प्रकारात पुरावा बुडतो. दुसरा प्रकार तर सरळ गुन्हा होय, कारण शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे यास अधिनियमाच्या कलम ८ ने मनाई केली आहे. कायदा व इतिहास यांची मागणी येथे एकच आहे : क्रमांकाला हात लावू नये. घरात असे शस्त्र सापडल्यास ते स्वतः उघडण्याचा वा झाडून पाहण्याचा प्रयत्न न करता पोलिसांना कळवावे, परवानाधारक जाणकाराकडून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि जमा करण्यापूर्वी सर्व ठशांची नोंद व्हावी, असा आग्रह धरावा. जुना परवाना, सैन्यातील कागद, पत्रे, छायाचित्रे हीदेखील शस्त्राइतकीच मोलाची असून ती फेकू नयेत.

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील जुन्या चाळी पाडून तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. पोटमाळ्यावरील ट्रंका अशा वेळी रिकाम्या केल्या जातात व त्यांतील कागद रद्दीत जातात. दादरच्या शिवाजी पार्कजवळील सावरकर स्मारकासारख्या ठिकाणी क्रांतिकारक चळवळीचा इतिहास मांडला गेला आहे; परंतु त्या इतिहासाचे सुटे दुवे अजून घरांतून असू शकतात. पिस्तूल नष्ट झाले, तरी त्याचा क्रमांक कागदावर राहिल्यास अभ्यासकाला उपयोगी पडतो. क्रमांकच गेला, तर मात्र पिस्तूल हाती असूनही इतिहास हाती लागत नाही.